बाहुली, बेटकुळी आणि माकडहाड

इंग्रजीतल्या अवघड शब्दांचा मला राग होता. खरं तर ती भीती होती, पण भीती कबूल करणं जड जातं, म्हणून मी तिला राग म्हणत राहिले. अॅसिटॅब्युलम, गॅस्ट्रोक्नेमियस, कॉक्सिक्स, ड्युओडेनम हे शब्द ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांच्या मालकीचे आहेत, त्यांना ते उपजत कळत असणार, आणि आपल्यासारख्यांनी ते पाठ करून उसने वापरायचे, अशी माझी पक्की समजूत होती. मी नर्सिंग शिकवते. जीएनएमच्या पहिल्या वर्षाचं शरीररचनाशास्त्र माझ्याकडे असतं. या समजुतीने माझ्या एकटीचं नुकसान झालं असतं तर हे लिहायची गरज नव्हती. ती मी वर्गात नेली आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या मनात रुजवली.

माझी शाळा मराठी. बारावीनंतर नर्सिंगला आले तेव्हा हाडांच्या नावांचं पहिलं पान बघून घाम फुटला होता. शेजारच्या कॉटवरची मुलगी इंग्रजी माध्यमातली. ती तीच नावं न अडखळता वाचायची आणि मला वाटायचं, हिला सगळं समजतंय. तिला नुसता उच्चार येत होता, अर्थ माझ्याइतकाच अंधारात होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी शब्दांचे तुकडे पाडून, चाल लावून पाठ केलं. पास झाले. पुढे शिकले, शिकवायला लागले. जे माझ्या बाबतीत झालं तेच शिकवण्याची रीत आहे असं धरून चालले.

‘अर्थ विचारू नका, स्पेलिंग पाठ करा’, हे वाक्य मी किती बॅचना ऐकवलं असेल. आणखी एक नियम माझ्या वर्गात होता. खुबा, नडगी, पोटरी, पडजीभ, बेंबी असले शब्द वर्गात काढायचे नाहीत. एखादी चुकून बोलली तर मी म्हणायचे, ‘हे गावाकडे. इथे टर्म वापरायची.’ मुली ओशाळून खाली बसायच्या. त्या ओशाळण्याला मी शिस्त समजत होते. आज तो वर्ग डोळ्यांसमोर आणला की मला माझी लाज वाटते. माझ्या आईच्या तोंडचे शब्द मी माझ्याच वर्गातून हाकलून दिले होते, आणि तेही माझ्यासारख्याच घरांतून आलेल्या मुलींच्या देखत.

मग आई पडली. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि ती बसत्या अंगाने आपटली. तिला घेऊन मी हाडांच्या ओपीडीत गेले. तिथे माझ्याच विद्यार्थिनींची ड्युटी होती. एकीने विचारलं, ‘आजी, कुठं लागलं?’ आई म्हणाली, ‘माकडहाडाला लागलंय बाई, बसवत नाही.’ मला कसंतरीच झालं. विद्यार्थिनींसमोर, डॉक्टरांसमोर माझी आई माकडहाड म्हणाली होती. मी घाईघाईने म्हटलं, ‘कॉक्सिक्स. कॉक्सिक्सला मार बसलाय.’ आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. पुढे डॉक्टरांनी काही विचारलं तरी ती माझ्याच तोंडाकडे बघायला लागली. आपलं दुखणं आपल्या शब्दांत सांगायचा तिचा धीर मी त्या एका वाक्यात काढून घेतला होता. तेवढ्यात ती विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, कॉक्सिक्स म्हणजे माकडच का? म्हणून माकडहाड म्हणतात का?’ तिने खोडी काढण्यासाठी विचारलं नव्हतं, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, ‘असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत.’

त्या रात्री आई कुशीवर झोपली होती आणि मी डोरलंडचा वैद्यकीय कोश उघडला. हेतू चांगला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला तिचा प्रश्न कसा अडाणीपणाचा होता ते दाखवायचं होतं. डोरलंडमध्ये शब्दापुढे चौकटी कंसात त्याचं मूळ दिलेलं असतं. मी हा कोश वर्षानुवर्षं वापरत होते, पण माझी नजर तो कंस ओलांडून स्पेलिंग आणि व्याख्येवरच जायची. त्या रात्री कंस वाचला. कॉक्सिक्स हा मूळ ग्रीक शब्द ‘कोक्युक्स’. अर्थ कोकीळ-कुळातला एक पक्षी, आपल्याकडच्या पावशाचा युरोपातला नातलग. मणक्याच्या टोकाचं ते लहानसं वाकडं हाड ग्रीक वैद्यांना त्या पक्ष्याच्या चोचीसारखं दिसलं, म्हणून हे नाव.

मी बराच वेळ ते पान तसंच धरून बसले. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. उत्तर माकड नव्हतं, पक्षी होतं, एवढाच फरक. कधीकाळी ग्रीस देशात कुणीतरी हे हाड हातात घेऊन ‘अरे, ही तर चोच’ असं म्हणालं होतं. आमच्या लोकांनी तेच हाड बघून, जिथून माकडाची शेपटी निघते ती जागा ओळखली. आणि खोलात गेलं तर आमचं नाव शरीररचनेच्या जास्त जवळ जातं, कारण ते हाड म्हणजे शेपटीचाच उरलेला अवशेष आहे. ज्या शब्दाची मला ओपीडीत लाज वाटली त्यात ग्रीक शब्दापेक्षा जास्त शास्त्र होतं. हे मला नर्सिंगच्या कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

झोप आली नाही. मी एकेक शब्द काढत गेले. पटेला, लॅटिनमध्ये लहान पसरट ताटली. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. टिबिया, लॅटिनमध्ये नडगीचं हाड आणि फुंकायचा पावा, दोन्हींना एकच शब्द. आपणही पायाची नळी म्हणतो, आणि मटणाच्या ताटातसुद्धा ती नळीच असते. गॅस्ट्रोक्नेमियस हा तर माझ्या छळाचा शब्द, व्हायवात मुलींना हमखास अडवणारा. ग्रीकमध्ये ‘गॅस्टर’ म्हणजे पोट आणि ‘क्नेमे’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय, म्हणजे पायाचं पोट. पोटरी म्हणताना पोट आपल्याला ऐकू येतंच की! अॅसिटॅब्युलम म्हणजे रोमन लोकांच्या जेवणाच्या मेजावरचं व्हिनेगरचं लहान भांडं. खुब्यात मांडीचं हाड ज्या खोलगट जागेत बसतं, तिला त्यांनी त्या भांड्याचं नाव दिलं.

मसल हा शब्द मला कधी अवघड वाटला नव्हता, त्यामुळे त्याचं मूळ बघायची कल्पनाही सुचली नव्हती. लॅटिन ‘मुस्कुलस’ म्हणजे छोटा उंदीर. हात वाकवला की दंडात काहीतरी टुणकन वर येतं, कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं, त्यांना तिथे उंदीर दिसला. ग्रीकांनाही तसंच दिसलं असणार. त्यांच्या ‘म्यूस’ या एकाच शब्दाचा अर्थ उंदीर आणि स्नायू असा दोन्ही होतो. मायोकार्डियम, मायाल्जिया या शब्दांतला ‘मायो’ तिथूनच आला. आणि माझा धाकटा भाऊ लहानपणी शर्टाची बाही वर करून काय दाखवायचा? बेटकुळी! कातडीखालची छोटी बेडकी. त्यांचा उंदीर, आपला बेडूक, आणि दोघांचंही बघणं एकच. इतके दिवस मी मुलींना मायोकार्डियमचं स्पेलिंग पाच-पाच वेळा लिहायला लावत होते आणि त्या शब्दात एक उंदीर आहे हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

शेवटी मी ‘प्युपिल’ काढला. डोळ्याच्या मधल्या काळ्या टिकलीला इंग्रजीत प्युपिल म्हणतात, आणि विद्यार्थ्यालाही प्युपिल म्हणतात. हे दोन वेगळे शब्द असावेत, योगायोगाने सारखे लिहिले जातात, अशी माझी समजूत होती. मूळ लॅटिन ‘प्युपिला’. अर्थ लहान मुलगी, बाहुली. त्यातलाच एक अर्थ अनाथ, कुणाच्या तरी आश्रयाला असलेलं मूल, आणि त्या अर्थातून पुढे शिकणारा विद्यार्थी झाला. डोळ्याला हे नाव कशावरून पडलं? दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, बाहुलीसारखी. ग्रीकमध्येही तसंच आहे. ‘कोरे’ म्हणजे मुलगी आणि कोरे म्हणजेच डोळ्यातली ती टिकली. प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्किबियादीस’ या संवादात तर हे प्रतिबिंब दिसण्याचा दाखलाच येतो. संस्कृतात तिला कनीनिका म्हणतात, आणि तो शब्द कन्येच्याच कुळातला. फारसीत मर्दुमक, छोटा माणूस. स्पॅनिशमध्ये डोळ्यातली मुलगी.

आणि मराठीत डोळ्यातली बाहुली.

माझ्या आईच्या मोतिबिंदूच्या वेळी तिने विचारलं होतं, ‘थेंब टाकून बाहुली मोठी करतात का गं?’ तेव्हा मी नुसती मान हलवली होती. मनात म्हटलं होतं, हिला डायलेटेशन ऑफ प्युपिल काय कळणार. तिला कळलं होतं. ती जे मराठीत म्हणाली तेच मी इंग्रजीत मनात म्हटलं, शब्दाला शब्द तोच. फरक एवढाच की तिला तिच्या शब्दातली बाहुली दिसत होती आणि मला माझ्या शब्दात काहीच दिसत नव्हतं. अर्थ माहीत नसलेली मी, अर्थ माहीत असलेल्या बाईला अडाणी समजत होते. यापेक्षा सौम्य शब्दांत मला ते लिहिता येणार नाही.

त्यानंतर हे शब्द नेमके कुणाचे, हा प्रश्न माझा पाठलाग करायला लागला. मी वाचत गेले आणि माझी दुसरी समजूतही ढासळली. हे शब्द इंग्रजांचेही नव्हते. सोळाव्या शतकात लॅटिन आणि ग्रीक शब्द इंग्रजीत लोंढ्याने यायला लागले तेव्हा इंग्लंडमध्येच त्यावरून मोठी भांडणं झाली. शाई शिंगात भरून ठेवायची पद्धत होती, म्हणून असल्या पंडिती शब्दांना लोक ‘शाईच्या शिंगातले शब्द’ म्हणून हिणवायचे. टॉमस विल्सनने १५५३ साली वक्तृत्वावरच्या आपल्या पुस्तकात त्यांची खिल्ली उडवली. केंब्रिजला ग्रीकचे प्राध्यापक राहिलेले जॉन चीक यांनी १५५७ साली एका पत्रात आपली भाषा भेसळीवाचून शुद्ध ठेवावी असा आग्रह धरला. चीक यांनी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना सेंच्युरियनऐवजी ‘हंड्रेडर’ आणि लुनॅटिकऐवजी ‘मून्ड’ असे घरचे शब्द घडवून बघितले. ग्रीक शिकवणारा माणूस ग्रीक-लॅटिन शब्दांना विरोध करत होता, हे वाचून मला राज्यव्यवहारकोश आठवला, सावरकरांची भाषाशुद्धी आठवली. आपल्याकडे झालेली भांडणं त्यांच्याकडे आधीच होऊन गेली होती. अॅसिटॅब्युलम हा शब्द एखाद्या इंग्रज शेतकऱ्याच्या मुलालाही माझ्याइतकाच परका होता आणि आजही आहे. शेजारच्या कॉटवरच्या त्या मुलीला मी उगीचच मालकीण समजत होते.

आणि हे शब्द आकाशातून पडलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शरीराच्या भागांची सुमारे ५०,००० नावं प्रचारात होती, एकेका भागाला कितीतरी. १८९५ साली बाझेल इथे शरीररचनातज्ज्ञांनी बसून ती यादी साडेपाच हजारांवर आणली. म्हणजे अवघडपणाचा जाच त्यांनाही झालाच होता. फक्त त्यांनी त्यावर बसून उपाय केला, आणि मी तोच जाच पुढच्या पिढीकडे सरकवला.

इथपर्यंत मी नव्या उत्साहात होते. वर्गात जाऊन मुलींना सांगायला लागले की शब्दाचं मूळ कळलं की त्याचा खरा अर्थ कळला. या उत्साहाला आवर घालणारा शब्द ‘आर्टरी’. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा श्वासनलिकेलाही वापरला जाणारा शब्द. मेलेल्या शरीरात धमन्या बहुधा रिकाम्या सापडायच्या, म्हणून त्यांतून हवा वाहते असं जुने वैद्य धरून चालले होते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियात एरासिस्ट्राटस तेच शिकवत होता. पुढे गॅलेन या वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन्ही बाजूंनी बांधून मधे कापून दाखवलं की आत रक्तच आहे. समजूत गेली, नाव राहिलं. आणि आपला ‘धमनी’ शब्द बघा. तो ‘ध्मा’ या धातूपासून, म्हणजे फुंकणे, भात्याने वारा घालणे. आपल्या शब्दातही वाराच आहे! बाहुली दोघांना सारखी दिसली याचा मला अभिमान वाटला होता. इथे दोघांच्या शब्दांत तोच वारा निघाला. मूळ अर्थ म्हणजे त्या काळच्या माणसाने काय पाहिलं आणि काय समजलं याची नोंद. त्याचं समजणं चुकीचं असू शकतं, मग भाषा ग्रीक असो की संस्कृत. तेव्हापासून धमनी शिकवताना मी आधी वारा सांगते आणि लगेच गॅलेनचा प्रयोग सांगते.

दुसरा शब्द मला जास्त टोचला. हिस्टेरिया. ग्रीक ‘हुस्तेरा’ म्हणजे गर्भाशय. हिस्टरेक्टमी या शब्दात तो आपल्या जागी आहे. पण झटके, गुदमरणं, रडू आवरत नसणं या सगळ्याचं कारण बाईचं गर्भाशय, ते शरीरात वर सरकतं म्हणून असं होतं, ही समजूत त्या नावात गोठून राहिली. जुने ग्रीक वैद्य त्यावर उपाय म्हणून नाकाशी उग्र दर्पाच्या वस्तू धरायचे. आमच्याकडे झटका आला की कांदा फोडून नाकाशी धरतात, ते वॉर्डात मी स्वतः थांबवलेलं आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानांच्या यादीतून हा शब्द काढून टाकला. पण ड्युटीवर ‘हिस्टेरिकल आहे गं ती’ असं मी त्यानंतरही म्हटलेलं आहे. सासरी काय चाललंय हे कुणी विचारलेलं नसायचं, केसपेपरवर तो एक शब्द पुरायचा आणि आमचं काम हलकं व्हायचं. तो शब्द उच्चारताना मी अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक गैरसमज त्या बाईच्या अंगावर टाकत होते, हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून मी सुटत नाही. बाई समोर होती, तिला विचारता आलं असतं.

आणखी एक गोष्ट याच ओघात सांगते. मी शब्दांत रमले हे कळल्यावर काही ओळखीची माणसं मोबाइलवर पाठवायला लागली की हे सगळे ग्रीक-लॅटिन शब्द आपल्या संस्कृतातूनच गेले. मला तो अभिमान नको आहे, कारण तो खरा नाही. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’, ग्रीक ‘हायपो’ आणि संस्कृत ‘उप’ हे एकाच घरचे आहेत, पण बहिणी-बहिणी म्हणून. आई आणि लेक म्हणून नव्हे. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं, की या भाषा एकाच जुन्या मुळातून निघाल्या असाव्यात. आधी मी त्यांच्या शब्दांपुढे वाकले होते. आता त्यांनी माझ्या शब्दांपुढे वाकावं, असं मला वाटत नाही.

हायपर आणि हायपो यांनी माझ्या मुलींना फार छळलं आहे. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर उतरलेली, हायपरग्लायसेमिया म्हणजे साखर चढलेली. कागदावर दोन अक्षरांचा फरक, आणि रुग्ण त्या दोन अक्षरांत दगावू शकतो. पाठांतराने ते कधी पक्कं होत नव्हतं, तोंडी परीक्षेत घाबरली की मुलगी उलट सांगायची. आता मी ‘उपरि’ फळ्यावर लिहिते. ‘उपरि’ म्हणजे वर. बस्स, एवढंच. घाबरलेल्या मुलीलाही ते आठवतं.

प्लासेंटाचंही तसंच. हा मूळचा रोमन स्वयंपाकघरातला शब्द. प्लासेंटा म्हणजे चीज आणि मध घालून केलेला थरांचा पसरट पदार्थ, थोरल्या केटोच्या शेतीवरच्या पुस्तकात त्याची कृती आहे. १५५९ साली रेआल्दो कोलोम्बो या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने वारेला हे नाव दिलं. बाळंतपणानंतर वार पडली की ती ताटात पसरून तपासायची असते, सगळे खंड जागेवर आहेत का, एखादा तुकडा आत राहिला का. तुकडा राहिला तर रक्तस्राव होतो, बाई हातची जाऊ शकते. पूर्वी मी याचे मुद्दे लिहून द्यायचे आणि मुली ते घोकायच्या. आता मी म्हणते, हे नाव पोळीचं आहे, पोळी कुठून मोडली आहे का ते बघा, कड अखंड आहे का ते बघा. मग मुली हात घालून, उलटसुलट करून बघतात. वारेकडे बघायची त्यांची नजर बदलली हे मी प्रसूतिगृहात पाहिलं आहे.

वॅक्सिन शिकवताना मात्र मी मुळाला धरून बसत नाही. लॅटिन ‘व्हॅका’ म्हणजे गाय, एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीपासून लस केली म्हणून ते नाव. आपल्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली लस टोचली गेली. नंतर १८८१ साली लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ हे नाव इतर रोगांच्या लसींनाही द्यावं असं सुचवलं. आज पोलिओच्या थेंबात गाय नाही. शब्द मुळापासून कितीही लांब जाऊ शकतो हे सांगायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता माझ्या वर्गात नव्या भागाचं नाव फळ्यावर येण्याआधी मी विचारते, तुमच्या घरी याला काय म्हणतात? सुरुवातीला मुली बोलायच्या नाहीत. आमच्यासारख्यांनीच त्यांना गप्प बसवलेलं होतं. मग हळूहळू एकीने नडगी म्हटलं, दुसरीने नळगुडी. घोटा, कानशील, टाळू, ओटीपोट, काख, जांघ असं काय काय निघत गेलं. एकाच भागाला दोन तालुक्यांत दोन नावं निघाली आणि त्यावरून वर्गात वाद रंगला. पेल्विस म्हणजे लॅटिनमध्ये घंगाळासारखं पसरट भांडं, हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मग आपली ओटी आणि त्यांचं घंगाळ, दोन्हींत काहीतरी धरून ठेवायचंच असतं की.’ मला हे सुचलं नव्हतं.

यात नुसती गंमत नाही. रुग्ण आमच्याकडे येतो तो खुबा धरून, बरगडीखाली हात दाबून, ओटीपोटात कळ येते म्हणत. डॉक्टर लिहितात ते ग्रीक-लॅटिनमध्ये. मधे उभी असते ती सिस्टर. तिला दोन्हीकडचं कळलं नाही तर रुग्णाचं दुखणं कागदापर्यंत पोचत नाही. माझ्या आईचं त्या दिवशी तसंच झालं होतं. मी ज्या मुली घडवत होते त्यांना मी एकाच बाजूचं बोलायला शिकवत होते, आणि ती बाजू रुग्णाची नव्हती. आईचं माकडहाड महिना-दीड महिन्यात बरं झालं. तिच्याशी मी या सगळ्याबद्दल बोलले. ती म्हणाली, ‘एवढ्यासाठी इतकी पुस्तकं कशाला वाचलीस, मला विचारायचंस.’ ओपीडीतल्या त्या विद्यार्थिनीची मी वर्गात सगळ्यांसमोर माफी मागितली.

शिकवणाऱ्या प्रत्येकाला, मग तुम्ही नर्सिंग शिकवत असा, शाळेत विज्ञान शिकवत असा किंवा घरी मुलाचा अभ्यास घेत असा, माझी एक विनंती आहे. मूल ‘म्हणजे काय’ असं विचारेल तेव्हा त्याला गप्प करू नका. त्या शब्दाला घरात, गावात काय म्हणतात ते आधी त्याच्याकडून ऐका, मग कोशातलं मूळ त्याच्यासोबत बघा, आणि जिथे जुन्या लोकांचं समजणं चुकलं होतं तिथे तेही स्पष्ट सांगा. आणि तुमच्या भागात शरीराच्या अवयवांना जी नावं आहेत ती जाणत्या बायाबापड्यांकडून वेळेत लिहून घ्या. आमच्या जिल्ह्यातली नावं मी आणि माझ्या विद्यार्थिनी एका वहीत उतरवत आहोत.